१७ जुलै, क्योतो: सकाळी रथ, संध्याकाळी देव

जपानमधल्या क्योतोचा 'गिओन मात्सुरी' हा उत्सव म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते झुलणारे उंच लाकडी रथ. एका दिवसासाठी क्योतोला जाणारे बहुतेक जण ही सकाळची मिरवणूक बघतात, जेवतात आणि दुपारच्या गाडीने परततात. उत्सवाचं मुख्य अंग बघायचं राहूनच जातं. कारण या रथांत देवाची स्वारी नसते. रथ आधी फिरून रस्त्यातली रोगराई गोळा करतात, वाट झाडून काढतात. देव निघतो संध्याकाळी सहाच्या सुमाराला, पालखीतून. म्हणून ओसाकाहून निघतानाच आम्ही दोघी मैत्रिणींनी रात्री दहापर्यंतची आखणी केली होती.

आधी थोडी पार्श्वभूमी. सन ८६९ मध्ये देशभर साथ पसरली तेव्हा जपानच्या ६६ प्रांतांच्या नावे ६६ भाले उभारून रोगराई शमवण्यासाठी प्रार्थना केली, तिथे या उत्सवाचं मूळ आहे. त्या भाल्यांचेच पुढे रथ झाले. भाल्याला जपानीत 'होको' म्हणतात, उंच रथांचं नावही तेच. लहान रथ ते 'यामा'. 'गिओन' हे नाव मात्र आपल्याकडून गेलंय. श्रावस्तीच्या जेतवन विहाराचं जपानी नाव गिओन शोजा. जेतवनाचा रक्षक मानलेला, बैलाचं मस्तक असलेला गोझु तेन्नो हा इथला मूळ देव. १८६८ मध्ये सरकारने बौद्ध आणि शिंतो देवस्थानं वेगळी केली, तेव्हा देवळाचं नाव यासाका झालं आणि देव सुसानोओ या नावाने पुजला जाऊ लागला.

उत्सव अख्खा जुलै चालतो. मिरवणुका दोन: १७ तारखेला २३ रथांची, २४ ला ११ रथांची. आम्ही १७ निवडली, कारण रथ आणि पालख्या एकाच दिवशी बघता येतात.

सकाळी सव्वासात: उभे रथ

ओसाका-उमेदाहून हानक्यू रेल्वेने कारासुमाला पाऊण तास लागतो, तिकीट ४१० येन. सहा-साडेसहाची गाडी धरा, आठनंतरच्या डब्यात शिरायलाही त्रास होतो. कारासुमालाच उतरायचं, पुढच्या क्योतो-कावारामाची स्टेशनला नाही. रथ चालू लागले की ते लांबून, माणसांच्या डोक्यांवरून दिसतात. सव्वासात ते साडेआठ मात्र ते आपापल्या गल्लीत उभे असतात आणि दोन हातांवरून बघता येतात. हा तास चुकवू नये.

शिजो रस्त्यावर कारासुमा चौकाच्या पूर्वेला नागिनाताबोको, पश्चिमेला कान्कोबोको, त्याच्याही पुढे मुरोमाचीजवळ त्सुकिहोको. मुरोमाची गल्लीत उत्तरेला वळलं की किकुसुइहोको, दक्षिणेला निवातोरिहोको. शिन्माचीच्या दक्षिण भागात नावेच्या आकाराचा फुनेहोको. एवढ्या फेरीला तासभर पुरतो.

जवळून बघायच्या गोष्टी दोन. पहिली, बांधणी. शेंड्यापर्यंत सुमारे २५ मीटर उंच, १० ते १२ टन वजनाचा हा सांगाडा खिळ्याशिवाय, भाताच्या पेंढ्याच्या दोरीने बांधलेला असतो. दोरीचे वेढे इतके शिस्तीत, एकाला एक चिकटून बसवलेले असतात की पहिल्या नजरेला ते विणकाम वाटतं. यात सौंदर्यही आहे आणि हिशेबही. चाकं कडक, रस्ता खडबडीत. खिळे ठोकले तर लाकूड चिरेल. दोरी थोडी ढिली पडते, पुन्हा आवळते, आणि हिसके पचवते. रथ हलताना सांधे करकरतात, तो आवाज काळजीचा नाही. १० जुलैपासून ही बांधणी रस्त्यावरच, सगळ्यांसमोर सुरू होते. त्या दिवसांत क्योतोत असलात तर तीही बघाच.

दुसरी, वस्त्रं. रथाच्या चारही बाजूंना जी वस्त्रं लटकतात ती जगभरातून आलेली. कान्कोबोकोच्या पुढच्या बाजूला सोळाव्या शतकातला बेल्जियमचा पडदा आहे, त्यावर बायबलमधल्या इसहाक-रिबेकाचा प्रसंग. त्सुकिहोकोकडे सतराव्या शतकातला, मोगल काळातला हिंदुस्थानी गालिचा आहे. पेठांतल्या व्यापाऱ्यांनी त्या काळी परदेशातून मिळेल ते उत्तमातलं उत्तम विकत घेऊन आपल्या गल्लीच्या रथाला चढवलं. जुनी वस्त्रं विरायला लागल्यामुळे पुष्कळ रथांवर आता हुबेहूब विणलेल्या प्रतिकृती लावतात. त्सुकिहोकोच्या छपराच्या आतल्या बाजूलाही मान वर करून बघा: सोनेरी पार्श्वभूमीवरची फुलझाडं मारुयामा ओक्यो या चित्रकाराने १७८४ मध्ये रंगवली आहेत. रथ चालू लागला की ती दिसत नाहीत.

दारावर लावायचा 'चिमाकी' घ्यायचा असेल तर १७ च्या सकाळी रथांपाशी मिळेल या भरवशावर राहू नका. तिथली विक्री मुख्यतः आदल्या संध्याकाळपर्यंतची. चिमाकी म्हणजे बांबूच्या जातीच्या रुंद पानांची गुंडाळी, साधारण हजार येनांना. याच नावाचा एक खाऊही असल्याने नवखे लोक तो सोडून बघतात. आत पेंढ्याशिवाय काही नसतं. वर चिठ्ठी असते, 'आम्ही सोमिन शोराईचे वंशज'. दारात आलेल्या परक्या वाटसरूला गरीब सोमिनने रात्रीचा आसरा दिला, तो वाटसरू निघाला देव, आणि त्याने सोमिनच्या घराण्याला साथीपासून अभय दिलं, अशी ती कथा. वर्षभर दारावर ठेवून पुढच्या जुलैत देवळात परत द्यायचा. यासाका देवळातही चिमाकी मिळतो.

नऊ वाजता: दोरी कापण्याचा मान

नागिनाताबोको दरवर्षी पहिला. बाकी बहुतेकांचा क्रम २ जुलैला चिठ्ठ्या टाकून ठरतो. नागिनाताबोकोवर खराखुरा मुलगा बसतो, 'चिगो'. इतर होकोंवर आता बाहुली असते. आठ-दहा वर्षांच्या या मुलाचं सोवळं कडक असतं. १३ तारखेच्या विधीनंतर त्याने बाहेर पाय जमिनीला लावायचा नाही, म्हणून त्याला खांद्यावरून नेतात, आणि रथावरही एक धिप्पाड माणूस खांद्यावर घेऊनच शिडीने चढवतो. शिजो-फुयाचोला रस्त्यावर आडवा बांधलेला पवित्र दोर तो तलवारीने कापतो आणि मग मिरवणुकीला वाट खुली होते.

हे बघायला आठच्या आधी तिथे ठाण मांडावं लागतं, आणि एकदा अडकलात की पुढचा चौक गाठता येत नाही. दोर कापणं की रथाचं वळण, यातलं एकच निवडायचं असेल तर वळण निवडा. आम्ही नऊच्या आधीच शिजो सोडून ताकोयाकुशी गल्लीतून पूर्वेला आणि मग उत्तरेला ओइके रस्त्याकडे चालत सुटलो. समांतर गल्ल्या मोकळ्या असतात; मुख्य रस्त्याच्या पदपथावरून जायला मात्र तिप्पट वेळ जातो.

सव्वादहा ते बारा: कावारामाची-ओइके चौकातलं वळण

रथांची चाकं जवळजवळ दोन मीटर व्यासाची, पुरुषभर उंचीची, आणि ती फक्त सरळ धावतात. पुढचा आस वळत नाही. त्यामुळे काटकोनात वळायचं तर बारा टनांचा रथ अक्षरशः घसरवावा लागतो. याला 'त्सुजिमावाशी' म्हणतात.

रथ चौकात येऊन थांबतो. चाकवाले फाडलेल्या बांबूच्या कामट्या पुढच्या चाकांपुढे अंथरतात, ज्या दिशेला घसरायचं त्या दिशेने लांबी ठेवून. रथ हात-दोन हात पुढे ओढून चाकं कामट्यांवर आणतात. बादल्यांनी पाणी ओततात. मागच्या चाकांना पाचरी लावून ती जागेवर धरतात. एरवी समोर असलेले ओढदोर बाजूला नेतात आणि चाळीस-पन्नास ओढणारे त्या बाजूला जाऊन उभे राहतात. रथाच्या तोंडाशी एरवी दोघे पंखेवाले असतात, वळणावर चौघे होतात. 'योइ योइ योइतोसे' अशी हाक, पंखे एकदम पुढे फेकले जातात, आणि सगळे एका झटक्यात दोर खेचतात. पुढची चाकं ओल्या कामट्यांवरून आडवी सरकतात, वर शेंडा थरथरतो, छपरावर बसलेली माणसं तोल सावरतात. एका झटक्यात काटकोनाचा साधारण तिसरा हिस्सा होतो. मग पुन्हा कामट्या, पुन्हा पाणी, पुन्हा हाक. मुरलेला चमू तीन झटक्यांत वळवतो.

चुकतं ते बहुतेक तीन ठिकाणी. चाक कामट्यांच्या पलीकडे जाऊन डांबरावर टेकलं की रथ जागच्या जागी अडतो, आणि कामट्या काढून पुन्हा मांडाव्या लागतात. पाणी सगळीकडे सारखं पडलं नाही तर एक चाक सरकतं, दुसरं मागे राहतं. आणि जोर जास्त झाला तर रथ काटकोनाच्या पुढे जातो. मग सरळ चालताना लांब दांड्याची पाचर फिरत्या चाकाखाली सरकवत त्याला हळूहळू ओळीवर आणावं लागतं. हे पाचरवाले फिरत्या चाकापासून वीतभर अंतरावर चालतात आणि त्यांची नजर चाकावरून हलत नाही. गर्दीचं लक्ष पंख्यांकडे असतं. खरं कौशल्य खाली, चाकापाशी आहे.

पहिला होको इथे साडेदहाच्या आसपास येतो, शिजो-कावारामाचीला त्याच्या पाऊण तास आधी. मी कावारामाची-ओइके सुचवते. चौक मोठा, उभं राहायला जागा जास्त, नऊ-सव्वानऊला पोचलात तरी तिसरी-चौथी रांग मिळते. पैसे भरून आरक्षित करायच्या खुर्च्याही ओइके रस्त्यावरच असतात. वृद्ध माणसं बरोबर असतील तर त्या घ्याव्यात. पण रथ वळताना बघायचे तर चौकाजवळचीच जागा मिळतेय ना, हे नकाशावर पाहून घ्या. खालीच भुयारी बाजार आहे, झेस्ट ओइके. स्वच्छतागृह आणि थंडावा दोन्ही तिथे.

कान उघडे ठेवा. प्रत्येक होकोवर पितळी घंटा, बासऱ्या आणि ढोल घेतलेले चाळीसेक वादक असतात. देवळाच्या दिशेने जाताना चाल संथ, गंभीर असते. शिजो-कावारामाचीचं वळण पार पडलं की ती उडती होते. या वाजण्याला इथे 'कोनचिकिचिन' म्हणतात आणि आवाज अगदी तसाच येतो.

होकोंच्या मधून येणाऱ्या यामांत तोरोयामा शोधा. त्याच्या छपरावर यंत्राने हलणारा नाकतोडा आहे (खरं म्हणजे प्रार्थनाकीटक), तो पंख पसरतो आणि पुढचे पाय उगारतो. पोरांचा सगळ्यात मोठा गलका त्याच्याच वेळी होतो.

अकराच्या सुमाराला सर आली. जुलैच्या मध्यावर इथला पावसाळा जेमतेम सरत असतो, त्यामुळे ती धरूनच चालायचं. दोन मिनिटांत सगळ्या वस्त्रांवर पारदर्शक प्लास्टिक चढलं आणि मिरवणूक जराही थांबली नाही. २०१५ मध्ये तर वादळ अंगावर आलेलं असतानाही ती निघाली होती. छत्री उघडू नका, मागच्यांना काही दिसत नाही आणि लोक नाराज होतात. टोपीचा पातळ रेनकोट घ्या.

बारा ते दोन: शिन्माची गल्ली

ओइकेवरून रथ शिन्माचीत शिरतात आणि घरी परततात. ही गल्ली इतकी अरुंद आहे की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून हात लांबवला तर रथाच्या छपराला लागेल. छपरावरची माणसं पायाने आणि हाताने विजेच्या तारा, वळचणी दूर ढकलतात. इथे रथ अंगावर येतो. चाक फिरताना दगडी जात्यासारखा घरघर आवाज येतो. पोलीस सांगतील तेव्हा भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पिशवी पुढे धरायची.

गल्लीत एक आजीबाई दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या होत्या. आम्हाला दोघींना त्यांनी आपल्या पायरीवर उभं केलं आणि थंड बार्लीचा चहा दिला. दारावर गेल्या वर्षीचा चिमाकी होता, पानं वाळून पिवळी पडलेली. नवा आदल्या रात्री आणलेला, तो त्याच्या शेजारी बांधायचा होता.

आणि इथे एक गोष्ट थांबून बघा. रथ आपल्या जागी पोचला की लगेच मोडायला घेतात. वस्त्रं उतरवतात, दोऱ्या कापतात, दुपारभरात सांगाडा नाहीसा होतो. समजूत अशी की रथाने दिवसभर वाटेतली रोगराई स्वतःवर ओढून घेतलेली असते, ती फार काळ उभी ठेवायची नाही. दोन-तीन दिवस खपून बांधलेली दोरी सुरीने सपासप कापताना बघून जीव हळहळतो, पण या उत्सवाचं मर्म त्याच क्षणी कळतं.

दोन ते पाच: जेवण आणि सावली

क्योतो तीन बाजूंनी डोंगरांत बसलेलं आहे, वारा नाही, दमटपणा भरपूर, पारा सहज ३५ च्या वर. सकाळपासून उभं राहिलेल्या माणसाने आता दोन-तीन तास आत काढायलाच हवेत. माणशी दोन लीटर पाणी, त्यातली एक बाटली दुकानातली गोठवलेली. ती मानेला लावायला आधी उपयोगी, प्यायला नंतर. क्षारांच्या गोळ्याही ठेवा. 'हियाशी-आमे' मिळालं तर प्या: माल्टचा पाक, आल्याचा रस, बर्फ. आलेपाकाच्या वडीची चव थंड पाण्यात उतरल्यासारखं लागतं.

या दिवसांतला मासा हामो. आपल्याकडे वाम म्हणतात त्याच घराण्यातला. समुद्रापासून दूर असलेल्या क्योतोत उन्हाळ्यात जिवंत पोचणारा चिवट मासा हाच, म्हणून तो इथला झाला. त्यात बारीक काटे इतके की काढता येत नाहीत. मग आचारी जड सुरीने कातडी शाबूत ठेवून ते कापत जातो, साधारण तीन सेंटिमीटरमध्ये चोवीसेक छेद. उकळत्या पाण्यात टाकला की तुकडा फुलासारखा उमलतो, लगेच बर्फात, आणि वर उमे या आंबट जपानी फळाची चटणी. निशिकी बाजारात छोट्या वाटीत मिळतो. दुकानापाशी उभं राहूनच खायचा, चालत खाणं तिथे चालत नाही.

शाकाहाऱ्यांनी युबा (सोयाच्या दुधावरची साय) आणि तोफू मागावं, पण 'दाशी (रश्शाचा मूळ अर्क) माशाचा आहे का' हे विचारल्याशिवाय नको. भाजीच्या आणि नूडलच्या रश्शातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. पहाटे घरून दशम्या नेल्या तर उत्तमच, आम्ही नेल्या होत्या.

काकडीची एक गंमत. आदल्या रात्रीच्या जत्रेत काडीला टोचलेली थंड काकडी विकतात, पण यासाकाचे जुने भक्त जुलैभर काकडी खात नाहीत. काकडीची चकती देवळाच्या चिन्हासारखी दिसते, म्हणून.

संध्याकाळी साडेपाच: देवळाच्या पायऱ्यांखाली

शिजो रस्ता पूर्वेला जिथे संपतो तिथे यासाकाचा लाल दरवाजा आणि दगडी पायऱ्या. साडेपाचला पोचा, पायऱ्यांसमोरच्या पदपथावर थांबा. सकाळची पर्यटकांची गर्दी ओसरलेली असते. आता आसपास बहुतेक क्योतोचेच लोक दिसतात, पुष्कळ जण यासाकाला आपला देव मानणाऱ्या पेठांतले.

पालख्या तीन. सुसानोओची सहा कोनांची, त्याची पत्नी कुशिइनादाहिमेची चौकोनी, मुलांची आठ कोनांची. १५ तारखेच्या रात्री देवळातले सगळे दिवे मालवून देवांना पालख्यांत आणलेलं असतं. एकेक पालखी दोनेक टनांची, काळा लाखरंग आणि सोनं, कळसावर सोनेरी पक्षी किंवा मणी. पांढऱ्या कपड्यांतले शेकडो वाहक खांदे बदलत चालतात. दांड्यांना धातूच्या कड्या असतात आणि पावलं एका लयीत पडली की त्या एकदम 'शान, शान' वाजतात. लय चुकली की आवाज विस्कटतो, मग मुख्य मानकरी ओरडून ती पुन्हा जुळवतो. 'होइत्तो, होइत्तो' हा त्यांचा घोष.

तिन्ही पालख्या दरवाजाखाली एकत्र येतात तेव्हा प्रत्येक पालखी हात ताणून डोक्यावर उचलतात आणि तशीच गरगर फिरवतात. खालून फक्त हात दिसतात, वर सोन्याचा डोलारा. टाळ्यांपेक्षा श्वास रोखल्याची शांतता जास्त जाणवते. वारीत पालखी बघितलेल्या माणसाला हे परकं वाटत नाही.

सुसानोओच्या पालखीबरोबर घोड्यावर एक लहान मुलगा असतो, छातीवर लाकडी घोड्याचं मुखवट्यासारखं मस्तक बांधलेला. तो कुझे गावचा. त्याला देवच मानतात, म्हणून देवळाच्या आवारातही तो घोड्यावरून न उतरता जातो. सकाळचा चिगो सगळ्यांना माहीत असतो, या मुलाकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं.

पालख्या वेगवेगळ्या वाटांनी पेठांतून फिरून नऊनंतर शिजो-तेरामाचीच्या मुक्कामाच्या जागी येतात आणि २४ पर्यंत तिथेच राहतात. मागे पळत फिरण्यापेक्षा सातपर्यंत देवळापाशी थांबावं, नंतर काहीतरी खाऊन साडेआठला त्या मुक्कामासमोर उभं राहावं. तिथून क्योतो-कावारामाची स्टेशन दोन मिनिटांवर.

या मुक्कामाची एक रीत ऐकून ठेवा. १७ ते २४ या सात रात्री कोणाशी एक शब्दही न बोलता इथे येऊन नमस्कार केला तर मनातली इच्छा पुरी होते. गिओन पेठेतल्या गेइको-माइकोंची (म्हणजे गेइशा आणि त्यांच्या शिकाऊ मुलींची) ही जुनी प्रथा. त्या दिवसांत समोरून कुणी नजर खाली घालून चालत आलं तर बोलायला, फोटो मागायला जाऊ नका.

शेवटची पालखी टेकवली तेव्हा कड्यांचा आवाज एकदम थांबला. वाहकांनी खांद्यावरचे ओले पंचे पिळले, तीनदा टाळ्या वाजवल्या. दहा वाजता शिजोवरून कारासुमापर्यंत मुद्दाम चालत गेलो. रथांना वाट देण्यासाठी बाजूला फिरवलेले सिग्नलचे खांब पुन्हा रस्त्यावर आले होते, आणि सकाळी जिथे नागिनाताबोको उभा होता तिथे हिरव्या दिव्याची वाट बघत टॅक्सी थांबल्या होत्या.